ठिणगी वाढवून घ्यावी

वाशीमकडे जाऊन आलो म्हटलं की आमच्या मंडळातला जो तो आधी हेच विचारतो, शिरपूरचं जैनांचं देऊळ पाहिलंत का? नाही पाहिलं. देवळाच्या हाकेच्या अंतरावरून दोनदा गेलो, पण पाहिलं नाही. मी गेलो होतो एका वाक्याच्या मागे, आणि त्या वाक्यानं एक माणूस मारला होता. असल्या कामाला निघालेल्या माणसाला देवळं सुचत नाहीत. प्रत्येकाला वेगळं सांगत बसायची माझ्यात ताकद नाही, म्हणून एकदाच लिहून काढतो.

मंडळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मी मूळचा साताऱ्याकडचा, पण नागपुरात मोटरी दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलं. इकडे वऱ्हाडात नि नागपूर प्रांतात काही हौशी घरांत मागच्या लढाईच्या आसपास आलेल्या शर्यतीच्या मोटरी आहेत. दोन माणसांच्या, उघड्या, लांब नाकाच्या. कुणाच्या वडिलांनी साहेबाकडून घेतलेली, कुणाला लग्नात मिळालेली. ही दुसरी लढाई सुरू झाली आणि विलायतेहून सुटे भाग यायचे बंद झाले. तेव्हा या मालकांनी एकत्र येऊन मंडळ काढलं. ज्याला जी युक्ती सापडेल ती त्यानं कळवायची, चिटणिसांनी ती पत्रकात छापायची, पत्रक सगळ्यांना जायचं. क्लचचं चामडं सुकलं तर एरंडेल द्या, ब्रेकला जिनिंगमधला जुना पट्टा कापून लावा, रेडिएटर गळत असेल तर पाण्यात जवसाचं पीठ टाका. असल्या गोष्टी. आणि नियम असा की युक्ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत छापायची, खाली त्याचं नाव नि गाव. मला हा नियम फार आवडायचा. ज्याची अक्कल त्याचं नाव, यात वाईट काय आहे?

अशाच एका पत्रकात ओळ होती: 'हँडल मारण्याआधी ठिणगी वाढवून घ्यावी. – किसन ड्रायव्हर, शिरपूर.'

ज्यांनी मोटर फक्त रस्त्यावरून जाताना पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. या जुन्या गाड्यांत सुकाणूच्या चाकाजवळ एक बारका दांडा असतो. तो पुढे केला की इंजिनात ठिणगी लवकर पडते, मागे घेतला की उशिरा. गाडी पळताना ठिणगी लवकर हवी. पण हँडल मारून गाडी सुरू करताना ती उशिराच हवी. दांडा पुढे राहिला तर इंजिन हँडल उलटं फेकतं, आणि माजलेल्या बैलाची लाथ परवडली पण ते हँडल नको. मनगट मोडतं, कोपर निखळतं. म्हणजे त्या ओळीत जे छापलं होतं ते बरोब्बर उलटं होतं.

शेलूबाजारचा आमचा एक सभासद, तुळशीराम नावाचा माळी, त्यानं ती ओळ वाचली आणि तसंच केलं. हाड मोडून बाहेर आलं, जखमेत शेणमाती गेली, धनुर्वात झाला. गावच्या मास्तरांचं कार्ड आलं की सभासद वारले, यापुढे पत्रक पाठवू नये.

मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, ओळ काढा, त्या ड्रायव्हरचं नाव काढा, पुढच्या अंकात छापा की याच्या सांगण्यावर कुणी विसंबू नये. चिटणीस वकील आहेत, हँडल स्वतः कधी मारलेलं नाही. शिरपूरला जाऊन ती ओळ त्यांनीच उतरवून आणली होती. ते शपथेवर सांगत होते की शब्द न शब्द किसनचा आहे. मी किसनला ओळखत होतो. त्याच्या मालकांच्या गाडीचा गिअरबॉक्स मी उतरवला होता, तेव्हा तो महिनाभर माझ्या हाताखाली होता. वीसेक वर्षं हँडल मारतोय आणि दोन्ही मनगटं धड आहेत. असा माणूस असलं सांगेल? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कुणाचं नाव मातीत घालायच्या आधी त्याला विचाराल तरी? मी जाऊन येतो, तोवर काही छापू नका.

जऊळका

अकोल्याहून लहान रुळांची गाडी धरली. ती कुठेही थांबते आणि का थांबली ते गार्डालाही ठाऊक नसतं. पौषाचे दिवस, सकाळी कानाला मफलर आणि दुपारी अंगातला सदरा नकोसा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून राहिलेली कपाशी नि मधे तुरीचे पट्टे. जऊळक्याच्या फलाटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्या शेवटी किसन दमणी घेऊन उभा होता. दमणी म्हणजे इकडची बसायची बैलगाडी, वर छत नि खाली कंदील टांगलेला.

एरवी हा माणूस मला बघितलं की चिडवायचा. माझ्या 'मला-तुला'ला हसायचा, 'घाटी साहेब आले' म्हणायचा. यावेळी नुसती मान हलवली आणि माझी वळकटी उचलली. मालकांचा जुना खाकी कोट अंगात, तो आता दोन माणसं मावतील इतका सैल झाला होता. वाटेत मी कपाशीचं विचारलं, पावसाचं विचारलं. हो, नाही, यापलीकडे बोलणं जाईना.

मध्ये एका ओढ्याकाठी बैल सोडून जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. आमच्याकडे भाकरीला ठेचा तोंडी लावतात, इथे ठेच्याला भाकरी तोंडी लावतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा किसन पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला.

"तुळशीराम माहा जवाई व्हता, साहेब. माह्या बहिनीचा नवरा."

 मंडळात कुणालाच हे माहीत नव्हतं. मग त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गंगा त्याच्याहून पुष्कळ लहान. आईबाप पटकीत गेले तेव्हा ती रांगत होती. "म्याच वाढवली तिले," म्हणाला. तुळशीरामची बागायत चांगली, माणूस चौथी शिकलेला, छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय सोडायचा नाही. त्याला मोटरीचं भारी वेड. मालकांच्या चुलतभावाची मोडकी गाडी किसननंच त्याला मिळवून दिली, त्यानंच चालवायला शिकवली. सुरुवातीला चढावर लावून ढकलूनच सुरू करायचा, हँडलला भ्यायचा. मग ते पत्रक आलं, खाली बायकोच्या भावाचं नाव. मेव्हण्याचं नाव छापून आलेलं त्यानं सगळ्या बाजारात दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी हँडलला हात घातला.

भाऊबीजेला किसन ओवाळून घ्यायला गेला होता. तिनं दार लावून घेतलं. आतून एवढंच म्हणाली, तुह्या सांगन्यानं गेला.

"मग तू सांगितलं होतंस तरी काय?" मी विचारलं.

"जे छापलं हाय तेच सांगतलं. आताही तेच सांगतो."

मला राग आवरेना. म्हटलं, अरे, तेच सांगतो काय म्हणतोस? पण तो उठून बैल जुंपायला गेला होता.

शिरपूरजवळ

किसनच्या मालकांना सगळे आबासाहेब म्हणतात. देशमुखी घर, जमीन पुष्कळ, पण डोळे गेलेत. दिवसातून एकदा किसन त्यांना हाताला धरून गाडीपाशी आणतो, ते तिच्या नाकावरून हात फिरवतात, कुठे धूळ लागली तर किसनला शिव्या देतात, आणि परत जातात. पेट्रोल कुपनावर, तेही महिन्याला घोटभर, त्यामुळे गाडी गोठ्याशेजारच्या पडवीतच असते. मी तिला पाच वर्षांनी पाहत होतो. पितळ लखलखत होतं. टायर मात्र चिंध्या गुंडाळून शिवलेले.

मी आबासाहेबांना म्हटलं, एकदा सुरू करून बघू. खरं तर मला किसनला हँडल मारताना बघायचं होतं. तो पुढे आला, दांड्याकडे हात नेला, आणि सरळ मागे ओढला. अगदी शेवटपर्यंत मागे. मग वाकून, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत ठेवून एक झटका दिला आणि गाडी सुरू झाली.

म्हणजे हा माणूस करत होता बरोबर आणि सांगत होता उलटं! मी गाडी बंद करायला लावली आणि त्याला तिथंच धरला. म्हटलं, दांडा मागे घेतलास ना तू? तर म्हणे, घेतला. मग पत्रकात काय सांगितलंस? तर म्हणे, हेच सांगतलं. मी पत्रक काढून त्याच्या नाकासमोर धरलं, मोठ्यानं वाचलं. तो म्हणाला, बरोबर हाय. मला वाटलं दुःखानं याच्या डोक्यावर परिणाम झालाय, नाहीतर हा पक्का बेरकी आहे आणि अंगाशी आलं म्हणून वेड पांघरतोय. मी नको नको ते बोललो. तुझ्या हट्टापायी एक माणूस गेला, निदान चूक कबूल तरी कर, असंही बोललो. तो खाली बघून चिंधीनं पितळ पुसत राहिला. आबासाहेब तिकडून म्हणाले, "बस करा आता. त्याच्यानं ऐकवत नाही."  रात्री शेणीवर भाजलेले रोडगे नि वांग्याचा बेत होता, म्हणजे पाहुण्यासाठी केलेलं मोठं जेवण, पण सगळ्यांची ताटं अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मला तुळशीरामची गाडी बघायला शेलूबाजारला निघायचं होतं. निघण्याआधी दांड्याची तार बघावी म्हणून पहाटेच पडवीत गेलो. किसन आधीच तिथं होता. त्याची बायको कंदील धरून उभी होती. बाहेर तांबडं फुटलं होतं, पण गाडीच्या पोटात अजून काही दिसत नव्हतं. मी डोकं आत खुपसून तार चाचपत होतो. तेवढ्यात किसन बायकोला म्हणाला, "उजाडलं. कंदील वाढव व."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता नीट दिसेल. आणि कंदील विझला.

मी खेकसलो, अहो, वाढव म्हणाले ना ते? ती बाई घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. किसन म्हणाला, "वाढवलाच ना तिनं. रॉकेल कुठी भेटते, साहेब. उजेडात कायले जाळाचं?"

मी तसाच, अर्धा गाडीत नि अर्धा बाहेर, कितीतरी वेळ राहिलो. आमच्याकडे नारळ वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं. अशुभ तोंडातून जाऊ नये म्हणून. पण दिवा आम्ही मालवतो. इथे दिवा वाढवतात, चूल वाढवतात, दुकान बंद करायचं तर दुकान वाढवतात. विझव हा शब्द घरात काढायचाच नाही. किसनच्या आईनं लहानपणी त्याच्या तोंडावर मारलं होतं म्हणे, इझव म्हणाला म्हणून. मग गाडीतली ठिणगी कमी करायची, मागे घ्यायची, तर हा माणूस काय म्हणणार? ठिणगी वाढवून घ्यावी. तीसुद्धा आगच की. वकिलांनी ते जसंच्या तसं उतरवलं. सुशिक्षित माणूस, नियमाचा पक्का. आणि आमच्या लाडक्या नियमानं ते जसंच्या तसं छापलं.

मी किसनला गाडीच्या पायरीवर बसवलं आणि समजावून सांगितलं की छापलेलं वाचणारा माणूस वाढवणे म्हणजे जास्त करणे असं समजतो. त्याला पटकन कळेना. मग कळलं. त्याच्या हातातली चिंधी खाली पडली. ती उचलत म्हणाला, "पन तोही तर दिवा वाढवच म्हने. त्याच्या घरी म्या आयकलं हाय."

म्हणत असेल. पण छापलेला शब्द तुळशीरामनं घरातला शब्द म्हणून वाचला नाही. चौथी शिकला होता ना, त्यानं तो शाळेतल्यासारखा वाचला. चौथीच्या ऐवजी अडाणी असता तर आज जिवंत असता. हे मी किसनला बोललो नाही, पण मनात आलं आणि माझा मलाच राग आला.

निघताना त्यानं माझा हात धरला. पत्रकातून त्याचं नाव काढून टाका म्हणाला, ते आता बघवत नाही. आणि गंगाला निरोप द्या. तिला लेकरू नाही, सासरा राबवून घेतोय, तिथे तिचं कोण आहे? "तिले म्हना, भाऊ बोलावते. समजावून सांगा तुमी. तुमचं आयकन. परवाच्या सकायच्या गाडीले मी जऊळक्याले दमनी घेऊन येतो."

मी शब्द दिला. मलाही वाटलं होतं की ऐकेल.

शेलूबाजार

इथवर मी सर्व्हिसच्या लॉरीनं आलो. पेट्रोल नाही म्हणून पाठीमागे कोळशाची भट्टी बसवलेली आणि तिच्या धुरावर इंजिन चालवायचं. दर चढाला सगळ्यांनी उतरून ढकलायचं, क्लीनरनं भट्टीत सळई घालून ढोसायची, मग धूर नि ठिणग्या आमच्या कपड्यांवर. माझ्या उपरण्याला तीन भोकं पडली. शेजारी एक म्हातारी कोंबड्या घेऊन बसली होती. मी मोटरीतला माणूस आहे हे कळल्यावर ती म्हणाली, मंग काहून ढकलून राह्यले? सगळी लॉरी हसली. त्या सबंध प्रवासात मी तेवढंच हसलो.

बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, गूळ, घोंगड्या. तुळशीरामचं विचारलं की लोक लगेच सांगायचे, हां, तो मोटारवाला माळी, आणि मनगटाला हात लावून दाखवायचे. वांग्याच्या टोपल्या घेऊन तो भोंगा वाजवत बाजारात यायचा तेव्हा पोरं मागे पळायची, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, बायकोच्या भावानं मारला. हे सगळं गाव धरून बसलं होतं.

मळा गावाबाहेर, ओढ्याला लागून. गाडी निंबाखाली होती. शर्यतीच्या गाडीचं मागचं निमुळतं शेपूट कापून तिथे लाकडी खोकं बसवलेलं, त्यात अजून वाळलेली मेथी चिकटलेली. बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी हळूच आत हात घालून दांडा पाहिला. पुढे होता. अगदी शेवटपर्यंत पुढे, त्या सकाळी त्यानं ठेवला तसाच. त्यानंतर कुणी हातच लावला नव्हता. इतकी वर्षं मोटरींचं काम केलं, पण एखादा दांडा बघून मला कधी रडू आलं नव्हतं.

सासरा मोटेवर होता. मी मंडळाचा म्हटल्यावर त्यानं विचारलं, हिची चाकं बैलगाडीला बसतील का? बसणार नाहीत म्हटलं तर परत मोटेकडे वळला. सून आत आहे, बोला, म्हणाला.

गंगाबाई पडवीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिशीची असेल नसेल. डोक्यावरून पदर कपाळाखाली ओढलेला, हात नुसते. मी अंगणातच बसलो आणि सगळं सांगितलं. दांडा पुढे म्हणजे काय, मागे म्हणजे काय, किसन गाडी कशी सुरू करतो, कंदिलाची गोष्ट. ती मान वर न करता जुड्या बांधत होती. कंदिलापाशी आलो तेव्हा हात थांबले. मला अर्धं वाक्यही पुरं करावं लागलं नाही. तिच्या माहेरचाच शब्द तो, तिला काय समजावायचं होतं?

"म्हंजे दादानं बरोबर सांगतलं व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"अन् यायनं बरोबर वाचलं."

"हो, बाई."

"मंग चूक कोनाची?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही. बोलल्याबरोबर कळलं की हे काही उत्तर नव्हे.

"असं कसं, भाऊ? मानूस गेला ना माहा. कोनाची तरी पाह्यजे."

 आमच्या नियमाची म्हणा, मी म्हटलं, मंडळाची म्हणा. तिनं ते कानावर घेतलं नाही. इतके दिवस तिला निदान एक माणूस होता दोष द्यायला, आणि मी येऊन तोही काढून घेतला. मी मोठा न्याय करायला निघालो होतो, पण त्या अंगणात बसून मला वाटलं, आलो नसतो तर बरं झालं असतं.

मग मी निरोप सांगितला. भाऊ बोलावतोय, परवा सकाळी जऊळक्याला दमणी घेऊन येतोय, त्याचा काही दोष नाही हे तुम्हाला आता कळलंच आहे. तिनं एक जुडी बांधली, बाजूला ठेवली.

"बांगड्या फोडाले बसवलं ना मले," ती म्हणाली, "तवा साऱ्या बाया म्हनत व्हत्या, वाढवा, वाढवा. अन् दगडानं फोडल्या." दुसरी जुडी ओढत म्हणाली, "दादाच्या घरी दिवसातून धा खेप तो शब्द निंघते. भाकरी झाली का चूल वाढव, निजाची येळ झाली का दिवा वाढव. त्याची चूक नाई, समजलं मले. पन मी तिथी कशी राहू?"

मी म्हटलं, किसन तो शब्द सोडेल, तुमच्यासाठी काहीही करेल. ती म्हणाली, जिभेवरचा शब्द असा सुटत नसते, भाऊ. आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात सासरा मोट सोडून आला आणि त्यानं चुलीवरच्या पाण्याचं विचारलं. तिनं उठून पाणी काढून दिलं, चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाण्याचा हबका मारला आणि म्हणाली, "इझवली चूल." म्हातारा दचकला. तिकडच्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. ती माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "मी आता असंच म्हनतो. आनखी काय व्हाचं राह्यलं?"

निघालो तेव्हा कुंपणापर्यंत आली. माझ्या उपरण्यात मेथीच्या दोन जुड्या टाकल्या. मी पत्रकाचं विचारलं, किसन नाव काढा म्हणतोय, काय करू? ती म्हणाली, "काहाडू नका. शब्द बदलवा, नाव राहू द्या. तो खोटा नव्हता, हे लोकायले कळू द्या." पुढे काही निरोप आहे का म्हणून मी थांबलो. तो एवढाच होता.

परत जऊळका

जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या एका गाडीवर बसून मी ठरल्या सकाळी स्टेशनला पोचलो. कापसावर झोप चांगली लागते म्हणतात, मला लागली नाही. किसनला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो, आणि एकही धड जुळत नव्हतं.

तो आधीच आला होता. दमणी धुऊन काढलेली, बैलांच्या शिंगांना तेल. आत गादी अंथरलेली, तिच्यावर धुतलेली वाकळ, आणि उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. बाईमाणूस बसणार म्हणून एका बाजूला लुगड्याचा आडोसाही बांधला होता. मी गाडीवरून एकटा उतरलो. त्यानं माझ्यामागे पाहिलं, मग त्या सगळ्या कापसाच्या गाड्यांकडे एकेक करून पाहिलं.

मी सांगितलं. तुझा दोष नाही हे तिला पटलं, नाव ठेवा म्हणाली, खोटा नव्हता म्हणाली. हे आधी सांगितलं. मग येत का नाही ते त्यानं विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. लपवून काय करणार होतो? माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

तो दमणीच्या दांडीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "मंग काय म्हनू घरात? इझव म्हनू? माय म्हने, इझव म्हटलं तर घर इझते." मग स्वतःच म्हणाला, "तिचं तर म्या वाढव म्हटलं तरी इझलं."

गाडीची घंटा झाली. मी मेथीच्या जुड्या त्याच्या हातात दिल्या, तुझ्या बहिणीच्या हातच्या आहेत म्हटलं. त्यानं त्या वाकळीवर ठेवल्या, जिथे ती बसणार होती तिथे. आडोसा सोडला नाही. बैल वळवले.

आता नवं पत्रक छापून सभासदांच्या हातात गेलंच असेल. 'हँडल मारण्याआधी दांडा शेवटपर्यंत मागे घ्यावा', आणि खाली किसनचं नाव आहे. शब्दांचा नियम मोडला, नावाचा ठेवला.

त्या सकाळी मी डब्याच्या दारात उभा होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. दमणीखाली टांगलेला कंदील अजून जळत होता, पहाटे लावलेला, बंद करायचा राहून गेला होता. रॉकेल एवढं मोलाचं, म्हणून त्याला ओरडून सांगायला मी तोंड उघडलं. पण कंदील काय कर म्हणून सांगू, ते मला कळेना. गाडी हलली.